कृष्णवर्णीय विद्यार्थी-खेळाडूचं मेंटर व्हायचंय? आधी क्रम नीट लावा

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास कुणीतरी विचारतं, "युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्स विभागाने मेंटर म्हणून नाव मागितलंय. देऊ का?" उत्तरं ठरलेली असतात. "जरूर दे, आपलं गणित पक्कं असतं." "पोरं चांगली असतात गं, फक्त अभ्यासात लक्ष नसतं." नाव दिलं जातं, दोन भेटी होतात, ऑक्टोबरात मुलगा मेसेजला उत्तर देईनासा होतो आणि आमचे प्राध्यापक महाशय 'त्यांना मुळात गरजच नाही' असं ठरवून मोकळे होतात.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. नऊ वर्षं फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल), बास्केटबॉल आणि ट्रॅकच्या मुलामुलींची मेंटर आहे. पहिल्या तीन वर्षांत मीही अशीच तीन मुलं गमावली. हेतू वाईट नव्हता, क्रम चुकला होता. सल्ला आधी, ओळख नंतर, आणि नियम तर वाचलेच नव्हते. म्हणून खालचे टप्पे पुढेमागे करू नका. यातले नियम एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या) डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचे आहेत. तुमचं कॉलेज दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असेल तर आकडे तिथे विचारून घ्या. सोयीसाठी 'तो' लिहिलंय, तिथे 'ती'सुद्धा वाचा.

टप्पा १: आपण मेंटर आहोत, आदर्श नाही

हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात आणि तिथेच घोळ होतो. आदर्श म्हणजे ज्याच्याकडे बघून मुलाला वाटतं, 'हा माझ्यासारखा आहे आणि हा तिथे पोचला.' मेंटर म्हणजे मंगळवारी चार वाजता, ठरल्याप्रमाणे, हजर असणारा माणूस. नागपूरहून किंवा साताऱ्याहून येऊन इथे एमएस-पीएचडी केलेला माणूस दुसरं काम उत्तम करू शकतो. पहिलं त्याच्या हातात नाही, आणि ते ओढूनताणून करायला गेलं की दुसरंही हातचं जातं.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शॉन हार्पर यांनी २०१८च्या अहवालात तेव्हाच्या पाच मोठ्या कॉन्फरन्समधल्या (विद्यापीठांच्या क्रीडागटांमधल्या) ६५ विद्यापीठांचा हिशोब मांडला होता. पदवीच्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय पुरुष २.४ टक्के, पण फुटबॉल संघांत ५५ टक्के आणि पुरुषांच्या बास्केटबॉल संघांत ५६ टक्के. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा, की वर्गात बसलेल्या कृष्णवर्णीय मुलाला शेजारचा पहिला प्रश्न विचारतो, "तू कुठल्या टीममध्ये?" जो खेळत नाही त्यालाही. आणि जो खेळतो त्याने फळ्याकडे पाहिलं तर तिथे उभ्या माणसात त्याला स्वतःचा चेहरा क्वचितच दिसतो.

सल्ला देणाऱ्यांचा मात्र त्याला तुटवडा नाही. प्रशिक्षक, स्ट्रेंथ कोच, अभ्यासाचा सल्लागार, ट्यूटर, आहारतज्ज्ञ, घरचे आणि गावचे. यातल्या बहुतेकांची नोकरी तो शनिवारी कसा खेळतो यावर कमीअधिक अवलंबून असते. तुमची नसते. एवढंच तुमचं भांडवल, आणि ते थोडं नाही.

नाव देण्याआधी कागदावर दोन वाक्यं लिहा: मी किती वेळ देणार (माझं उत्तर: दर पंधरवड्याला अर्धा तास, निदान दोन वर्षं), आणि मी त्याची कुणाकुणाशी गाठ घालून देऊ शकते. दुसऱ्या वाक्यात एकही नाव सुचत नसेल तर घाबरू नका, सहावा टप्पा त्यासाठीच आहे.

*सावधान:* पुढच्या वर्षी सबॅटिकल (लांबची अभ्यास-रजा) असेल, नोकरी बदलायची असेल, तर या वर्षी नाही म्हणा. या मुलांपैकी अनेकांना ज्या प्रशिक्षकाने घरी येऊन, आईसमोर बसून कॉलेजात आणलं, तोच वर्षभरात दुसऱ्या विद्यापीठात निघून गेलेला असतो. सोडून जाणारी मोठी माणसं त्यांनी पुरेशी पाहिलेली असतात.

टप्पा २: पहिला फोन कंप्लायन्स ऑफिसला, मुलाला नाही

नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा हा विभाग प्रत्येक विद्यापीठाच्या ॲथलेटिक्समध्ये असतो. तिथे अर्धा तास बसा आणि पुढचे मुद्दे लेखी उत्तरासकट विचारून घ्या.

पहिला मुद्दा, नियमांच्या लेखी तुम्ही कोण? कर्मचारी, की 'बूस्टर' म्हणजे संघाचे हितचिंतक? माजी विद्यार्थी म्हणून ॲथलेटिक्सला कधी देणगी दिली असेल किंवा एखाद्या खेळाडूला मदत केली असेल तर तुम्ही बूस्टर ठरता, आणि तो शिक्का सहसा पुसला जात नाही. बूस्टरला काय चालतं याची यादी तोकडी आहे.

दुसरा, जेवण आणि भेटी. आपली पहिली ऊर्मी 'पोराला घरी जेवायला बोलवू' ही असते. दिवाळीच्या फराळाला बोलवायचं तरी आधी विचारा. कधीमधी घरचं जेवण बसतं नियमात, पण कुणी, किती वेळा, ने-आण कोण करणार हे सगळं मोजलं जातं. जुना लॅपटॉप, विमानाचं तिकीट, उसने पैसे, 'आईच्या औषधासाठी शंभर डॉलर' यांना सरळ नाही. तुमचा जीव हळहळेल, पण भुर्दंड त्याच्या खेळण्याच्या पात्रतेला बसतो. संकट खरं असेल तर विद्यापीठांकडे विद्यार्थ्यांसाठी आपत्कालीन निधी असतो. तिथपर्यंत नेऊन सोडणं हे तुमचं काम.

तिसरा, गुणपत्रिका. फर्पा या १९७४च्या कायद्यामुळे त्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचे गुण तुम्हाला कुणी सांगू शकत नाही. मागूही नका. त्याला वाटलं की तोच फोन पुढे करून दाखवतो.

चौथा मुद्दा आपले लोक हमखास चुकतात. तुम्ही प्राध्यापक किंवा कर्मचारी असाल, तर लैंगिक अत्याचाराची माहिती कानावर आल्यावर ती टायटल नाइन (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा) कार्यालयाला कळवणं बहुतेक विद्यापीठांत तुम्हाला बंधनकारक असतं. म्हणून "काहीही सांग, माझ्यापाशीच राहील" हे वाक्य कधीही तोंडातून काढू नका. पहिल्याच भेटीत सांगा: कोणत्या गोष्टी मला पुढे कळवाव्याच लागतील, आणि ज्या कुणालाच कळवल्या जाणार नाहीत त्यासाठी समुपदेशन केंद्र कुठे आहे.

आणि राज्याचा कायदा. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांत विशिष्ट वंशासाठी राखीव असे उपक्रम चालवण्यावर बंदी आहे. इतरही काही राज्यांत असे निर्बंध आले आहेत. उपक्रम सर्वांना खुला ठेवावा लागतो, नावही जपून द्यावं लागतं. एका माणसाने दुसऱ्याशी पंधरवड्याला अर्धा तास बोलणं कुणी बंद केलेलं नाही, पण पत्रक छापण्याआधी विद्यापीठाच्या वकिलांना दाखवा.

*तपासून घ्या:* कंप्लायन्समधल्या माणसाचं नाव आणि नंबर फोनमध्ये सेव्ह झाला का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: त्याचं कॅलेंडर आणि त्याचं क्रेडिटचं गणित शिका

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

आधी वेळ. हंगामात खेळाला आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास, आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी असा नियम आहे; बाकीच्या काळात ८ तास. कागदावर ठीक वाटतं. पण सामन्याचा अख्खा दिवस ३ तास म्हणून मोजला जातो. प्रवास मोजला जात नाही. फिजिओकडचा वेळ मोजला जात नाही. 'ऐच्छिक' सराव मोजला जात नाही, आणि ऐच्छिक सरावाला न येणाऱ्याचं काय होतं हे मुलांना माहीत असतं. एनसीएएच्याच पाहण्यांत डिव्हिजन वनचे खेळाडू आठवड्याला ३० तासांहून जास्त सांगतात. त्यावर पूर्ण वेळ अभ्यासक्रम, म्हणजे सत्राला निदान १२ क्रेडिट. तेव्हा "वेळेचं नियोजन शिक" हा सल्ला त्याला देऊ नका. त्याचा आठवडा तुमच्याहून काटेकोर आखलेला असतो, फक्त त्याने आखलेला नसतो.

मग हंगाम. फुटबॉलचं शिबिर ऑगस्टात, सामने डिसेंबरपर्यंत, मार्च-एप्रिलला वसंतातला सराव. बास्केटबॉल नोव्हेंबर ते मार्च. ट्रॅकवाल्यांचा जानेवारीत इनडोअर सुरू झाला की जूनपर्यंत श्वास नाही. ओळख हंगामाबाहेर सुरू करा: फुटबॉलवाल्याशी जानेवारीच्या शेवटी, बास्केटबॉलवाल्याशी एप्रिलमध्ये. ऑगस्टात ईमेल पाठवून सप्टेंबरात रुसणं म्हणजे लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्याला लग्नाचं आमंत्रण देऊन तो का आला नाही म्हणणं.

आता क्रेडिटचं गणित. खेळायची पात्रता टिकवायला पदवीच्या एकूण गरजेपैकी तिसरं वर्ष सुरू होण्याआधी ४० टक्के, चौथ्याआधी ६० टक्के आणि पाचव्याआधी ८० टक्के पूर्ण लागते. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर म्हणजे मुख्य विषय जाहीर केलेला हवा. आणि हे टक्के त्याने जाहीर केलेल्या पदवीचे धरतात.

मेख इथे आहे. समजा एक मुलगा हुशार आहे, त्याला इंजिनिअरिंग करायचंय. पहिल्या सत्रात कुणीतरी सांगतं, "लॅब दुपारी असते, सराव दुपारी असतो, सध्या सोपं काहीतरी घे." तो घेतो. चार सत्रं चांगल्या गुणांनी पास होतो. तिसऱ्या वर्षी म्हणतो, आता इंजिनिअरिंगकडे वळतो. तेव्हा कळतं, की घेतलेल्या क्रेडिटपैकी निम्मी त्या पदवीला लागूच होत नाहीत. मेजर बदललं तर ४० टक्के भरत नाहीत आणि हंगाम हातचा जातो. मग तो ज्या मेजरमध्ये टीममधले आणखी पंधराजण आहेत तिथेच राहतो. याला इथे 'क्लस्टरिंग' म्हणतात. कुणीही त्याला दार बंद केलं नाही, आणि तरी दार बंद झालं. हे गोऱ्या खेळाडूंच्या बाबतीतही घडतं. पण जिथे कृष्णवर्णीय मुलाकडून अभ्यासाची अपेक्षाच कमी ठेवली जाते तिथे 'सोपं काहीतरी घे' हे वाक्य लवकर येतं आणि त्यावर कुणी भुवई उंचावत नाही.

याचं टोक पाहायचं तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपल हिल. तिथे सुमारे १८ वर्षं, २०११पर्यंत, वर्ग न भरणारे 'कागदी' अभ्यासक्रम चालले. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१००हून अधिक विद्यार्थी त्यातून गेले, जवळपास निम्मे खेळाडू. गुण मिळाले, पात्रता टिकली, शिक्षण झालं नाही.

म्हणून मेजरबद्दलचं खरं बोलणं दुसऱ्या सत्रात व्हायला हवं, फार तर तिसऱ्या. अभ्यासाच्या सल्लागाराला खलनायक ठरवू नका. एका सल्लागाराकडे ढीगभर मुलं असतात आणि त्याला आजची पात्रता सांभाळायची असते. तुम्ही मुलासोबत बसून एवढंच करा: त्याला हव्या असलेल्या पदवीचा चार वर्षांचा तक्ता छापा, सरावाची वेळ त्यावर लाल पेनाने मारा, कुठले विषय उन्हाळ्यात किंवा सकाळच्या तुकडीत घेता येतात ते शोधा. मग तो कागद घेऊन *त्याला* सल्लागाराकडे जाऊ द्या. तुम्ही जाऊ नका.

*तपासून घ्या:* त्याचा सुट्टीचा वार कोणता? पुढचा परगावचा सामना कधी? सध्याची किती क्रेडिट त्याच्या पदवीत मोजली जातात? तिन्ही उत्तरं माहीत असतील तरच पुढे.

टप्पा ४: पहिली भेट

ईमेल नाही, मेसेज. दोन ओळी. नाव, ओळख कुणी करून दिली, आणि दोन वेळांचे पर्याय. जागा तुमचं ऑफिस नको (तिथे बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलं, असा त्याचा शाळेपासूनचा अनुभव असू शकतो) आणि ॲथलेटिक्सची इमारतही नको. लायब्ररीतला कॅफे बरा. चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

त्याचं नाव कसं उच्चारायचं ते विचारा आणि घोटून पाठ करा. ज्या देशात आपल्या 'ज्ञानेश्वर'चं काय होतं हे आपण भोगलंय, तिथे एवढं तरी आपल्याला जमावं.

काय विचारायचं: गावाकडे कोण कोण आहे, इथे आल्यावर कशाने आश्चर्य वाटलं, कुठल्या तासाला वेळ भराभर जातो. काय विचारायचं नाही: "एनबीएला जाणार का?" कॉलेजच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलमधून व्यावसायिक संघांत दोन टक्केसुद्धा जात नाहीत, हा आकडा त्याला ठाऊक आहे, आणि तुम्ही तो ऐकवायचीही गरज नाही. "स्कॉलरशिप मिळाली, नशीबवान आहेस" हेही नको. त्याने ती कमावली आहे, आणि दर आठवड्याला फेडतो आहे.

आता आपल्या लोकांची खास चूक. आपण दोन बॅगा घेऊन कसे आलो, पहिल्या महिन्यात भात-दही खाऊन कसे राहिलो आणि कष्टाने कसे वर आलो ही गोष्ट सांगायचा मोह आवरा. तुम्हाला ती प्रेरणा वाटते. त्याला त्यात ऐकू येतं: 'आम्हाला जमलं, तुमच्या लोकांना का नाही?' आपण पदवी घेऊन, व्हिसाच्या चाळणीतून निवडून आलो. त्याचे पूर्वज इथे साखळदंडात आणले गेले. हे दोन प्रवास एका मापाने मोजता येत नाहीत. मी ही गोष्ट एकदा सांगितली. मुलगा सभ्य होता, हसला, "येस मॅम" म्हणाला. पुन्हा आला नाही.

दुसरं, घरातली भाषा. फोनवर मराठीत 'तो काळा मुलगा' म्हणायची सवय मोडा. शब्द त्याला कळत नसेल, सूर कळतो. आणि आपल्या मुलांना कळतो.

बाबासाहेब कोलंबियात शिकले, १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, मुंबईत १९७२ला दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. हा धागा खरा आहे आणि ओळख मुरल्यावर त्यावर सुरेख बोलणं होतं. पण पहिल्या भेटीत तो प्रमाणपत्रासारखा खिशातून काढू नका. विशेषतः स्वतःच्या घरातल्या जातीबद्दल कधी अवाक्षर काढलं नसेल तर.

आणि 'कृष्णवर्णीय' हा एकच गठ्ठा समजू नका. अटलांटाचा मुलगा, जमैकाची धावपटू आणि नायजेरियाहून आलेला बास्केटबॉलपटू यांचे प्रश्न वेगळे. शेवटचे दोघे बहुधा तुम्ही आलात तसेच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात. तिथे मात्र तुमचा अनुभव थेट कामाचा.

*तपासून घ्या:* भेटीत जास्त कोण बोललं? तुम्ही असाल तर पुढच्या वेळी घड्याळ लावा.

टप्पा ५: पहिले तीन महिने फक्त ठेका

या काळात काहीही साध्य करू नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, हजर राहा. हंगामात अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं करा, तीही चालता चालता. पण रद्द करू नका. त्याने दांडी मारली तर एकच मेसेज: "हरकत नाही, पुढच्या मंगळवारी तिथेच." तीन वेळा मारली तरी तोच मेसेज. चौथ्यांदा बहुतेक जण येतात, आणि न येण्याचं कारण तेव्हा सांगतात.

सामना हरल्यावर विश्लेषण पाठवू नका. मी एकदा पाठवलं होतं, आकडेवारीसकट! गप्प राहणंही बरं नाही, कारण त्या रात्री त्याच्या फोनवर अनोळखी लोकांच्या शिव्या आणि हरलेल्या पैजांचे हिशोब येत असतात. "मंगळवारी भेटू" एवढं पुरे.

गृहपाठाची वाक्यं दुरुस्त करून देऊ नका, 'जरासं' सुद्धा. खेळाडूच्या बाबतीत ती गैरवर्तणूक धरली जाते आणि चौकशी त्याची होते. त्याला लेखन केंद्रात सोबत नेऊन ओळख करून द्या.

टप्पा ६: आदर्श शोधून आणा, पोस्टर लावू नका

आता तुमच्या कामाचा गाभा. ओळख जमली, मेजर ठरत आलं, की त्याच्यासारखा दिसणारा आणि त्याला जिथे जायचंय तिथे पोचलेला माणूस त्याच्या समोर बसवायचा.

क्रम असा ठेवा: आधी जवळचा, मग लांबचा. सगळ्यात उपयोगी असतो तो चार-पाच वर्षांनी मोठा, त्याच खेळातला, आता नोकरी किंवा पुढचं शिक्षण करणारा माजी खेळाडू. कारण तो सांगू शकतो, की लॅबच्या प्राध्यापकाला त्याने परगावच्या सामन्याबद्दल नेमकं काय लिहिलं. माजी विद्यार्थी कार्यालयाकडे अशी नावं असतात. इंजिनिअरिंगकडे कल असेल तर १९७५ला पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेल्या कृष्णवर्णीय अभियंत्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शाखा तुमच्या कॅम्पसवर असण्याची बरीच शक्यता आहे; आणि इंजिनिअरिंग विभागात आपली माणसं भरपूर असल्यामुळे ही गाठ घालणं आपल्याला सोपं. त्यानंतर प्राध्यापक, डॉक्टर, वकील, बँकेतला माणूस.

भेट एकास एक, तीस मिनिटं. पाच जणांचं व्यासपीठ आणि समोर साठ मुलं हा प्रकार फोटोसाठी चांगला. जाण्याआधी मुलाकडून तीन प्रश्न लिहून घ्या, त्यातला एक अपयशाबद्दल. पाहुण्यालाही सांगून ठेवा: यशाची गोष्ट नको, दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगा.

*सावधान:* तुमच्या विभागात एकच कृष्णवर्णीय प्राध्यापिका असेल, तर विद्यापीठातला प्रत्येकजण याच कामासाठी तिच्याकडेच जातो आणि तिच्या बढतीच्या कागदांत हे काम कुठेच धरलं जात नाही. विनंती करताना बदल्यात तिच्या डोक्यावरची एक समिती तुम्ही उचला. नुसते आभार मानू नका.

प्रसिद्ध माणसं वापरायची तर त्यांची कार्यपद्धती वापरा, गौरव नको. ॲलन पेज मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक फुटबॉल संघाकडून खेळत असतानाच कायदा शिकत होते. १९७८मध्ये पदवी घेतली, १९८१पर्यंत खेळले, पुढे १९९३ ते २०१५ मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. इथे बोलायचा मुद्दा 'किती थोर' हा नाही. 'हंगामाबाहेरचे महिने त्यांनी कसे लावले' हा आहे. फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉलपटू मायरन रोल नोव्हेंबर २००८मध्ये ऑक्सफर्डसाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत अलाबामात देऊन त्याच दिवशी मेरीलँडमधल्या सामन्याला पोचला. आज तो न्यूरोसर्जन आहे. प्रश्न विचारा: प्रशिक्षकाशी त्याने ते बोलणं किती आधी केलं असेल? तू तुझ्या प्रशिक्षकाला कसं विचारशील? वाचनाची अडचण असलेल्या मुलीला साउथ कॅरोलायनाची बास्केटबॉलपटू एजा विल्सन दाखवा, जी आपल्या डिस्लेक्सियाबद्दल (वाचनातल्या अडचणीबद्दल) उघड बोलते.

याच गोष्टी छडीसारख्याही वापरता येतात. "रोलला जमलं, मग तुला?" असं म्हणालात की अपवादाचा दगड होतो आणि तो मुलाच्या पाठीवर बसतो.

जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन, १९८४ला डिव्हिजन वनचं पुरुषांच्या बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, टेबलावर हवा गेलेला बास्केटबॉल ठेवत. चेंडूतली हवा जाणार, त्यानंतर तुझ्याकडे काय असेल, हा त्याचा अर्थ. मला ही युक्ती आवडते. पण लक्षात घ्या, तो चेंडू त्यांच्या टेबलावर शोभत होता, कारण ते स्वतः ते आयुष्य जगले होते. माझ्या टेबलावर तो उद्धटपणा ठरेल.

टप्पा ७: पैशाचं बोलणं

१ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमावता येतं, आणि २०२५च्या, खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या 'हाउस' नावाच्या खटल्यातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. तुम्ही एजंट होऊ नका, करार वाचून 'ठीक वाटतंय' म्हणू नका, तुमच्या भाच्याच्या स्टार्टअपची जाहिरात करायला लावू नका. एवढं मात्र नक्की सांगा:

- बाहेरच्या कंपनीचा ६०० डॉलरवरचा करार ठरलेल्या पोर्टलवर नोंदवावा लागतो. मुदत कंप्लायन्सला विचारायची.
- हे बहुधा स्वयंरोजगाराचं उत्पन्न धरलं जातं. कर कुणी कापून घेत नाही, प्राप्तिकराशिवाय १५.३ टक्के स्वयंरोजगार कर वेगळा, आणि हप्ते एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारीत. पैसे आले की तिसरा हिस्सा दुसऱ्या खात्यात टाकायची सवय लावा.
- घरची मिळकत बेताची असेल तर या उत्पन्नाचा पेल ग्रँटवर (गरजू विद्यार्थ्यांच्या सरकारी अनुदानावर) परिणाम होऊ शकतो. आर्थिक साहाय्य कार्यालयात आधी विचारायचं.
- एफ-१ व्हिसावरच्या मुलाने सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी आणि इमिग्रेशन वकिलाशी बोललंच पाहिजे. परवानगीशिवाय काम म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

टप्पा ८: बिनसतं तेव्हा

दुखापत झाली तर 'कधी खेळणार?' विचारू नका. तो प्रश्न त्याला दिवसात चाळीसदा येतो. ठेका तसाच ठेवा, उलट भेटी वाढवा, कारण टीम प्रवासाला जाते आणि तो एकटा मागे उरतो. झोप उडाली, बोलणं तुटक झालं, 'काही अर्थ नाही' असं बोलू लागला, तर समुपदेशन केंद्रापर्यंत सोबत चालत जा. रात्रीबेरात्री ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा क्रमांक देशभर चालतो.

ट्रान्सफर पोर्टलमध्ये (दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकायचं म्हणाला तर हो-नाही सांगू नका. दोनच प्रश्न: इथली शिष्यवृत्ती पुढच्या सत्रात राहील का, आणि तिकडे किती क्रेडिट धरली जातील? ४०-६०-८०चं गणित तिथेही लागतं. दोन्ही उत्तरं लेखी मिळेपर्यंत नाव टाकू नको, एवढाच आग्रह धरा.

आणि कॅम्पस पोलिसांनी अडवलं, वर्गात कुणी काही बोललं, असं तो सांगेल तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य 'नक्की तसंच झालं का?' हे निघता कामा नये. ऐका. तारीख-वेळ लिहून ठेवायला सांगा. तक्रार करायची की नाही हे तो ठरवेल, कुठे करायची हे तुम्ही शोधून द्या.

टप्पा ९: शेवटचा हंगाम, आणि त्यानंतरचे सहा आठवडे

शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात तीन गोष्टी उरका. रेझ्युमे, ज्यात 'टीम प्लेअर' हा शब्द नसेल आणि आठवड्याला तीस तासांचं काम सांभाळून कुठल्या विषयात काय केलं हे असेल. दोन-तीन आठवड्यांची छोटी इंटर्नशिप, कारण पूर्ण उन्हाळ्याची त्याला सरावामुळे जमत नाही. हे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला तुम्हीच पटवून द्यायचं. आणि शिफारसपत्र देणारा एक प्राध्यापक, ज्याने त्याला जर्सीशिवाय पाहिलंय.

पदवीला क्रेडिट बाकी राहणार असतील तर शिष्यवृत्ती खेळ संपल्यावर पुढे चालेल का, हे शेवटच्या सामन्याआधी लेखी विचारून घ्यायला सांगा. नंतर विचारलं की उत्तरं सावकाश येतात.

मग कॅलेंडर उघडा आणि शेवटच्या सामन्यापासून सहाव्या आठवड्यातला एक मंगळवार आत्ताच राखून ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे फोन वाजत असतात. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी लॉकरवर दुसरं नाव लागतं, खेळाडूंच्या भोजनगृहातलं कार्ड चालत नाही, आणि पहाटे साडेपाचला जाग येते पण जायला कुठेच नसतं. त्या मंगळवारी, चार वाजता, लायब्ररीतल्या कॅफेत बसा. चहा तुम्ही पाजा. एव्हाना बहुधा नियमांची आडकाठी उरलेली नसते. तरी आदल्या दिवशी कंप्लायन्सला एकदा विचारून घ्या.